नवी पाने नकोत, असलेली भरा : विकिपीडिया कार्यशाळा घेणाऱ्या महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मराठी विभागप्रमुख, ग्रंथपाल आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी,
महाराष्ट्र आणि गोव्यातील सर्व महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

१४ जानेवारीला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा सुरू होतो आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो. या दीड महिन्यात मराठी विकिपीडियाच्या ‘अलीकडील बदल’ या पानावर नजर ठेवली, तर आज कुठल्या भागात कार्यशाळा चालू आहे हे कोणी न सांगता कळते. सकाळी अकराच्या सुमारास एकाच तालुक्यातील गावांची पाने पटापट उगवू लागतात. प्रत्येकात दोन वाक्ये : अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे, गाव निसर्गरम्य आहे. खाली ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’, ‘जवळपासची गावे’ असे मथळे, आणि मथळ्यांखाली काहीच नाही. दीडच्या सुमारास, जेवणाची सुट्टी झाली की, सगळे थांबते. त्यातली बहुतेक खाती पुन्हा कधी उघडली जात नाहीत.

तीस मुले, संगणकांची खोली आणि शेजारी भरलेले ग्रंथालय, हे तिन्ही एकाच आवारात असणे विकिपीडियाच्या दृष्टीने दुर्मीळ. म्हणून मराठी विकिपीडियावर गस्त घालणाऱ्या, म्हणजे नवे बदल तपासणाऱ्या, आम्हा संपादकांची मागणी एकच आहे. यंदाच्या कार्यशाळेत एकही नवे पान करू नका. आधीपासून असलेली दहा पाने निवडा आणि ती भरा.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. एवढ्या वर्षांत गावांची पाने भरपूर झाली आणि पुढेही होतील. महाराष्ट्रात गावेच ४०,०००हून अधिक आहेत. पण मजकूर नसलेले पान वाचकाच्या काही कामाचे नसते आणि आमचा वेळ मात्र खाते. त्यात वडगाव, पिंपळगाव, खडकी या नावांची गावे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. विद्यार्थी ‘वडगाव’ असे पान काढायला जातो, ते आधीच दुसऱ्या जिल्ह्यातल्या वडगावचे असते, आणि तो त्यातच आपल्या गावाची माहिती घालतो. मग लोकसंख्या एका गावाची, नदी दुसऱ्या गावाची आणि फोटो तिसऱ्या गावाच्या मंदिराचा, असे पान तयार होते. हा गुंता सोडवायला गस्त घालणाऱ्याला तास लागतो. करायला पाच मिनिटे पुरतात.

त्यामुळे पाने निवडण्याचे काम कार्यशाळेच्या आधी शिक्षकांनीच करावे. शीर्षकात तालुक्याचे नाव कंसात आहे का ते पाहा. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक दिलेला आहे. तो जिल्हा जनगणना पुस्तिकेत सापडतो आणि एकाच नावाची दोन गावे वेगळी करायचा तोच सर्वांत खात्रीचा उपाय. त्याच पुस्तिकेत घरांची संख्या, लोकसंख्या, साक्षर, अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या आणि गावात शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता आहे की नाही हे गावनिहाय मिळते. म्हणजे ‘नागरी सुविधा’ हा रिकामा मथळा एका बैठकीत भरतो, तोही संदर्भासह. एक पथ्य पाळा : आकडा लिहिला की वर्ष लिहायचेच. ‘लोकसंख्या सुमारे ३,००० आहे’ हे वाक्य दहा वर्षांनी खोटे होते, ‘२०११च्या जनगणनेनुसार’ हे कधीच होत नाही. आणि गावात अमक्या समाजाचे लोक बहुसंख्य आहेत, असे वाक्य कुठल्याही पानावर नको. त्या जनगणनेच्या गावनिहाय आकड्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या एकूण आकड्यापलीकडे जातवार गणना नाही, म्हणजे त्या वाक्याला आधार नाही, आणि त्यावरून सुरू होणारी खोडाखोडी महिनोन्‌महिने चालते.

आता खाती. कार्यशाळा पहिल्या अर्ध्या तासात फसते ती इथेच. एका इंटरनेट पत्त्यावरून २४ तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. खोटी खाती घाऊक उघडणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ही मर्यादा आहे. महाविद्यालयाची सगळी प्रयोगशाळा बाहेर एकाच पत्त्याने जाते, म्हणून सातव्या मुलाला नकार येतो. मग कोणीतरी सुचवते की सरांच्याच खात्यातून सगळ्यांनी लिहा. ते मात्र करू नका. एक माणूस, एक खाते हा नियम आहे. एका खात्यातून चाळीस जण लिहू लागले की कोणी काय केले ते कळत नाही, आणि एकाने गोंधळ घातला तर खाते बंद होऊन सगळेच अडकतात.

सोपा मार्ग म्हणजे मुलांनी आदल्या दिवशी घरून खाते उघडून यावे. मोबाइलच्या डेटावर कधी कधी तेही होत नाही, कारण एकाच पत्त्यामागे त्या कंपनीचे असंख्य ग्राहक असतात आणि त्यातल्या कोणाच्या तरी उपद्रवामुळे पत्त्यांचा तो अख्खा पल्लाच रोखलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे सिम किंवा घरचे वायफाय वापरून पाहावे. मोठा गट असेल तर मर्यादा त्या दिवसापुरती शिथिल करून घेता येते. त्यासाठी निदान आठवडाभर आधी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सर्वांच्या चर्चेच्या पानावर, तारीख, वेळ, मुलांची संख्या आणि महाविद्यालयाचा बाहेरचा आयपी पत्ता लिहावा. ‘बाहेरचा’ हा शब्द महत्त्वाचा. १९२.१६८ किंवा १०. ने सुरू होणारा पत्ता हा तुमच्या इमारतीच्या आतला असतो, त्याचा आम्हाला उपयोग नाही. प्रयोगशाळा सहायकांना विचारा, त्यांना माहीत असतो.

सदस्यनाव निवडताना हजेरी क्रमांक, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) किंवा मोबाइल क्रमांक वापरू देऊ नका. सदस्यनाव प्रत्येक बदलापुढे कायम दिसते. खरे नाव द्यायचे की नाही हे मुलांनी ठरवावे, शिक्षकांनी सक्ती करू नये. ईमेल देणे ऐच्छिक आहे, पण तो न देता उघडलेल्या खात्याचा पासवर्ड विसरला की खाते गेलेच. परत मिळवायचा मार्ग नाही. गुणांसाठी हजेरी हवी म्हणून मुलांना लेखाच्या तळाशी स्वतःचे नाव, वर्ग आणि रोल नंबर लिहायला सांगितले जाते, तेही थांबवा. प्रत्येक सदस्याच्या योगदानाचे पान आपोआप तयार होते आणि त्यात मिनिटागणिक नोंद असते. गट मोठा असेल तर विकिमीडियाचा प्रोग्राम्स अँड इव्हेंट्स डॅशबोर्ड वापरा, तिथे सगळ्या मुलांचे काम एका तक्त्यात दिसते.

टंकलेखनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथल्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत. महाविद्यालयांच्या संगणकांवर अजून श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांतला मजकूर सापडतो. तो विकिपीडियावर चिकटवला की रोमन अक्षरांचा काला दिसतो, कारण तो युनिकोड नाही. आधी परिवर्तकातून काढून मग एकदा वाचून घ्यावा लागतो. वाचणे टाळू नये. रफार आणि जोडाक्षरे हमखास सुटतात. विकिपीडियाच्या संपादन चौकटीत कळफलकाची खूण असते. तिथे ‘अक्षरांतरण’ निवडले की इंग्रजी कळांनी मराठी लिहिता येते, आणि कंट्रोल व एम एकत्र दाबून पुन्हा इंग्रजीत येता येते.

न दिसणाऱ्या चुका तीन. पहिली, ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र. तो दोन प्रकारे टंकता येतो : एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलेले असते, दुसऱ्यात साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चीही तीच गत : एक स्वतंत्र अक्षर आहे, दुसरे ‘अ’वर जोडचिन्हाने चंद्र चढवून केलेले. शीर्षकात असे झाले की एकाच गोष्टीची दोन पाने तयार होतात आणि दोन्ही लेखकांना दुसरे पान दिसतच नाही. म्हणून पान नाही असे ठरवण्याआधी शोध घ्या तो नावाच्या बिनधोक भागाचा, म्हणजे ज्यात अशी अक्षरे नाहीत त्याचा, आणि तालुक्याच्या पानावरची यादीही पाहा. दुसरी, ‘दुःख’मधला विसर्ग. पुष्कळ जण त्याऐवजी अपूर्णविरामाची कळ दाबतात. शीर्षकातल्या अपूर्णविरामाला विकिपीडियाच्या यंत्रणेत वेगळा अर्थ आहे, तो नामविश्व, म्हणजे पानाचा प्रकार, वेगळे करायची खूण आहे. तिसरी, ओवी-अभंगाच्या शेवटचा दंड. कळफलकावरची उभी रेघ दंडासारखी दिसते, पण साच्यात (ठरावीक मांडणीच्या तयार चौकटीत) आणि तक्त्यात ती रकाने तोडते. तुकोबांचा एक अभंग टाकला आणि माहितीचौकट कोसळली, हे त्या रेघेमुळे होते. खरा दंड वेगळे अक्षर आहे, तो अक्षरांतरणाच्या किंवा इनस्क्रिप्टच्या कळफलकातून घ्यावा.

हे झाले की ग्रंथालय. ग्रंथपाल सर, मॅडम, कार्यशाळेच्या निमंत्रणपत्रिकेत तुमचे नाव सहसा शेवटी असते. ते पहिले असायला हवे. इंटरनेटवर नसलेला संदर्भ चालत नाही, हा समज मुलांच्या मनात घट्ट बसला आहे. छापील पुस्तकाचा संदर्भ पूर्ण चालतो, उलट तो अधिक टिकतो, कारण वर्तमानपत्रांचे दुवे दोन-तीन वर्षांत मरतात. हवे असते ते एवढेच : लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक. पृष्ठ क्रमांकाशिवायचा संदर्भ म्हणजे पिनकोड नसलेले पत्र. जिल्ह्याचे गॅझेटियर, तालुक्याच्या इतिहासाची पुस्तके, साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका, स्थानिक साप्ताहिकांचे बांधीव अंक हे आदल्या दिवशीच काढून टेबलावर मांडा. मुलांनी पुस्तकातून विकिपीडियाकडे जावे. उलट दिशेने गेले की आधी वाक्य लिहिले जाते आणि मग त्याला कुठलातरी दुवा शोधून डकवला जातो. तो दुवा पुष्कळदा विकिपीडियाचाच मजकूर उचललेल्या एखाद्या संकेतस्थळाचा असतो, म्हणजे पान स्वतःचाच दाखला देऊ लागते.

ऑनलाइन बातमीचा दुवा द्यायचाच असेल तर त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून तो दुवाही सोबत द्या. संपादन चौकटीतल्या संदर्भाच्या खिडकीत दुवा टाकला की तपशील आपोआप भरले जातात, पण मराठी वर्तमानपत्रांच्या बाबतीत तारीख आणि लेखकाचे नाव बऱ्याचदा चुकते; हाताने तपासा. आणखी एक बारीक अडचण आहे. नव्या खात्यातून बाहेरचा दुवा टाकताना, तुम्ही यंत्रमानव नाही ना, हे तपासणारी कोड्याची चौकट येते. मुलांना ती चूक झाल्याची सूचना वाटते. मग दुवा काढून टाकला की पान जतन होते, म्हणून ती संदर्भच गाळतात. आधी सांगून ठेवले तर हे टळते.

गावाच्या पानावर देऊळ असतेच, आणि काळ्या दगडाचे देऊळ दिसले की मुले ‘हेमाडपंती’ लिहितात. हेमाद्री तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी होता. त्याच्या नावाने ओळखली जाणारी बांधणी म्हणजे चुन्याशिवाय दगडात दगड बसवलेली. अठराव्या शतकातल्या, चुन्यात बांधलेल्या, वर विटांचे शिखर असलेल्या देवळालाही तेच विशेषण लागलेले आम्ही रोज पाहतो. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत किंवा गॅझेटियरात तसे म्हटले असेल तर लिहा, नाहीतर ‘दगडी मंदिर’ पुरे. पांडवांनी एका रात्रीत बांधलेल्या लेण्यांचेही तसेच. आख्यायिका जरूर लिहावी, पण ती आख्यायिका आहे असे म्हणून आणि ती कुठे नोंदवली आहे ते सांगून.

कॉपीराइट, ज्याला विकिपीडियावर प्रताधिकार म्हणतात, हा विषय व्याख्यानात शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. मजकूर उडवला जाण्याचे पहिले कारण तेच असते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षे त्याचे लेखन संरक्षित असते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचे १ जानेवारी २०३० ला होईल. आणि मराठी भाषा गौरव दिन ज्यांच्या जन्मदिनी असतो ते कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत त्यांच्या कवितांवर हक्क कायम आहे. तरी दरवर्षी २७ फेब्रुवारीला त्यांच्याच कविता पूर्णच्या पूर्ण विकिपीडियावर चिकटवल्या जातात आणि २८ तारखेचा आमचा दिवस त्या काढण्यात जातो.

संकेतस्थळावर ‘सर्व हक्क राखीव’ लिहिलेले नाही म्हणजे मजकूर मोकळा, असे नसते. उलटे असते : मुक्त परवाना स्पष्ट लिहिलेला नसेल तर हक्क आहेच असे धरून चालावे. शासनाची संकेतस्थळे, विश्वकोश, वर्तमानपत्रे, ब्लॉग, सगळ्यांना हाच नियम. शब्द बदलून, वाक्ये मागेपुढे करूनही भागत नाही. माहितीवर कोणाचा हक्क नसतो, मांडणीवर असतो. म्हणून पुस्तक वाचा, मिटा, आणि मग स्वतःच्या वाक्यांत लिहा. तुमच्या महाविद्यालयाची स्मरणिका असेल तरी त्यातल्या प्रत्येक लेखाचा हक्क साधारणपणे त्या लेखकाचा असतो, प्राचार्यांच्या एका सहीने ती मुक्त होत नाही. लेखकांची लेखी संमती घेऊन मात्र ती मुक्त परवान्याखाली आणता येते, आणि हे काम एखाद्या विभागाने हाती घ्यावे असे आहे. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला होता. एका संस्थेचा तो निर्णय शंभर कार्यशाळांना भारी आहे.

ज्या मुलांचा मराठी टंकलेखनाचा हात चांगला आहे पण लेख लिहायची भीती वाटते, त्यांना विकिस्रोतावर बसवा. तिथे हक्क संपलेल्या पुस्तकांची स्कॅन केलेली पाने डाव्या-उजव्या चौकटीत समोरासमोर येतात आणि छापील पानावरहुकूम मजकूर तपासायचा असतो. न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे, दुसऱ्याने पडताळलेले हिरवे. पिवळ्याचे हिरवे करणारा माणूस वेगळाच असावा लागतो, त्यामुळे तीस जणांचा वर्ग या कामाला अगदी योग्य. संदर्भ लागत नाही, वाद होत नाहीत, आणि दोन तासांत एकेकाची दहा पाने सहज होतात.

फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त फोटोंच्या भांडारात, चढवायचे असतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चढवू नये. व्हॉट्सॲप फोटो लहान करते आणि त्याच्या पोटातली कॅमेरा व तारखेची नोंद पुसते. मग तो फोटो इंटरनेटवरून उचललेला असावा असा संशय येतो आणि परवानगी दाखवा अशी पाटी लागते. सात दिवसांत उत्तर आले नाही तर फोटो उडतो. ज्या मोबाइलने काढला त्यातूनच थेट चढवा. फोटो मित्राने काढला असेल तर खाते मित्राचे हवे. ‘स्वतःचे काम’ या पर्यायाचा अर्थ मी काढलेला, माझ्याकडे असलेला नव्हे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी जिओटॅगचे ॲप वापरायची सवय आता सगळ्यांना लागली आहे, पण त्यात फोटोच्या तळाशी नकाशा, पत्ता आणि अक्षांश-रेखांशांची पट्टी छापली जाते. फाइलीला ती लागते, कॉमन्सला नको. साध्या कॅमेऱ्याने दुसरा फोटो काढा.

चौकातल्या पुतळ्याचा किंवा इमारतीचा फोटो चालतो, कारण सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पांना आणि वास्तूंना भारतीय कायद्यात तशी सूट आहे. भिंतीवरचे चित्र, फ्लेक्स, नाटकाचे पोस्टर, पुस्तकाचे मुखपृष्ठ यांना ती नाही. शाळेचा फोटो शाळा सुटल्यावर काढा, मुलांचे चेहरे नकोत. फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेले ठेवू नका. गाव, तालुका, वस्तू आणि वर्ष नावातच लिहा. खरी उणीव देवळांच्या फोटोंची नाहीच. तिफण, कुळव, पाभर, मोटेचे थारोळे, रहाट, बलुतेदारांची हत्यारे, गावची वेस, आठवडी बाजारातले मापटे, एसटीचा जुना थांबा, यांचे चांगले, स्पष्ट, मराठीत वर्णन केलेले फोटो शोधले तरी मिळत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात एका गटाला हे काम दिले तर शिबिराच्या अहवालापेक्षा ते जास्त दिवस वापरले जाईल.

एक नाजूक मुद्दा. संस्थेचे अध्यक्ष, संस्थापक, स्थानिक आमदार, उद्घाटनाला आलेले पाहुणे यांची पाने विद्यार्थ्यांकडून करून घेऊ नका. स्वतःच्या संस्थेबद्दल लिहिणे हा हितसंबंध आहे. ‘दानशूर’, ‘शिक्षणमहर्षी’, ‘तळागाळातल्यांचे कैवारी’ असे शब्द पडले की पान हटवण्याच्या यादीत जाते, आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा रोष त्या मुलावर निघतो. हयात व्यक्तीबद्दल स्वतंत्र, विश्वसनीय स्रोतांत सविस्तर लिहिले गेले असेल तरच पान टिकते. सत्काराची बातमी आणि संस्थेचे माहितीपत्रक हे तसे स्रोत नाहीत.

चॅटबॉटकडून लेख लिहून घेऊन चिकटवणे अलीकडे वाढले आहे. भाषेवरून ते ओळखू येते, ‘समृद्ध सांस्कृतिक वारसा लाभलेले हे गाव’ अशा सुरुवातीनंतर पुढे काय येणार ते आम्ही न वाचता सांगू शकतो. पण भाषेवरून मजकूर काढत नाही. आम्ही संदर्भ तपासतो. नसलेले पुस्तक, नसलेले पृष्ठ, आणि १९५५च्या पहिल्या आवृत्तीला चिकटवलेला तेरा अंकी आयएसबीएन. तेरा अंकी क्रमांक २००७ पासून आले; जुन्या आवृत्तीवर तो असणे शक्यच नाही. नव्या पुस्तकाचा क्रमांकही मुले स्वतः पडताळू शकतात : तेरा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, तिला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर क्रमांक चुकला आहे किंवा रचलेला आहे. गेला तरी पुस्तक कपाटात आहे का ते पाहा. इंग्रजी विकिपीडियावरून भाषांतर करायचे असेल तर त्यासाठी वेगळे साधन आहे. यंत्राने दिलेला मजकूर फारसा न बदलता ठेवला की ते इशारा देते, आणि मर्यादेपलीकडे प्रकाशितच करू देत नाही. इशारा टाळण्यापुरते शब्द इकडचे तिकडे केलेली भाषांतरे मुळापेक्षा वाईट असतात.

मोजणीबद्दल. बक्षीस लेखांच्या संख्येवर किंवा बाइटांवर देऊ नका. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे १०,००० बाइट ऐकायला भरघोस वाटले तरी ते जेमतेम ५०० शब्द होतात, आणि बाइट वाढवायला सर्वांत सोपा उपाय म्हणजे रिकामे मथळे आणि साचे. मोजायचेच असेल तर तीस दिवसांनी मोजा : किती संपादने टिकली, पृष्ठ क्रमांकासह किती संदर्भ जोडले गेले. अहवालात आकडा लहान दिसेल, पण खरा असेल.

प्रत्यक्ष दिवसाची आखणी आमच्या मते अशी असावी. तीस मुले, दहा पाने, तिघांचा एक गट. एकाने पुस्तकातून टिपणे काढायची, दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने टिपणे आणि मजकूर ताडून पाहायचा. तासाभराने कामे बदलायची. पहिली चाळीस मिनिटे प्रत्येकाने आपल्या धूळपाटीवरच, म्हणजे सरावाच्या पानावरच, घालवावी, तिथे काहीही मोडले तरी कोणाचे बिघडत नाही. मग लेखात जाताना अख्खे पान उघडण्याऐवजी विभागापुढच्या ‘संपादन’वर टिचकी मारावी. एकाच पानावर दोघे एकाच वेळी लिहीत असले की दुसऱ्याचे जतन अडते; विभाग वेगळे असतील तर बहुतेक वेळा सुटते. दर दहा मिनिटांनी जतन करावे आणि बदलाचा सारांश लिहावा. लेखात आधीपासून कोणी लिहिलेले काही पटले नाही तर खोडण्याआधी चर्चा पानावर विचारावे. गावाचे किंवा शहराचे नाव बदलले असेल तर जुन्या पानाचा मजकूर उचलून नव्या नावाच्या पानावर डकवू नये, त्याने इतिहास तुटतो. पान हलवायचे असते. नव्या खात्याला ते काही दिवस करता येत नाही, म्हणून प्रचालकांना (जादा अधिकार असलेल्या सदस्यांना) सांगावे.

आणि दुसरी बैठक आठवड्याने घ्या, तासाभराची पुरे. या मधल्या काळात आम्ही चर्चा पानांवर प्रश्न विचारलेले असतात, संदर्भ मागितलेले असतात, काही मजकूर परतवलेला, म्हणजे बदल रद्द करून पूर्ववत केलेला, असतो. वर घंटेच्या खुणेवर आकडा दिसतो, पण मुले परत आलीच नाहीत तर तो तसाच राहतो. परतवलेला बदल म्हणजे अपमान नव्हे, हे शिक्षकांनी शेजारी बसून दाखवले तर तीसपैकी दोन-तीन जण पुढेही लिहीत राहतात.

यंदाच्या दहा पानांची यादी, तारीख आणि मुलांची संख्या आठवडाभर आधी चावडीवर टाका. आम्ही त्या पानांवर आधीच नजर टाकून कुठे काय कमी आहे ते चर्चा पानांवर लिहून ठेवू, आणि त्या दिवशी अकरा ते दीड आमच्यापैकी कोणी ना कोणी उत्तर द्यायला हजर असेल.

आपले,
मराठी विकिपीडियावर गस्त घालणारे काही संपादक